पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण: लॅबपासून शेतातल्या प्लॉटपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात पोटॅशियम नायट्रेट बहुतेकांना 'तेरा झीरो पंचेचाळीस' हे खत म्हणूनच माहीत आहे. पण परभणीत कृषीचा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, जालन्याच्या बियाणे कंपनीतला लॅब टेक्निशियन, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ब्रिज (विद्युत सेलच्या दोन भागांना जोडणारी क्षाराची नळी) भरणारी मुलगी आणि गावच्या बोअरचं पाणी तपासणारा केमिस्ट या सगळ्यांच्या हातात हाच क्षार असतो. त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच जास्त घोळ होतो.

दुकानातलं १३:००:४५ आणि लॅबमधलं पोटॅशियम नायट्रेट एकच का?

रसायन एकच, शुद्धता वेगळी. शुद्ध क्षारात नायट्रोजन १३.८५ टक्के असतो आणि पालाश ऑक्साइडच्या हिशेबाने ४६.६ टक्के. खत नियंत्रण आदेशानुसार खतात हे आकडे किमान १३ आणि ४५ असावे लागतात. उरलेल्या जागेत थोडा ओलावा, थोडं सोडियम, थोडं क्लोराइड असतं. पिकाला त्याचं काही वाटत नाही.

शेतातल्या फवारणीच्या प्रयोगात खतच वापरा, कारण शेतकरी तेच वापरणार आहे. बियाणे तपासणी, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, टिश्यू कल्चर किंवा पाण्याच्या तपासणीचं स्टँडर्ड यासाठी मात्र एआर ग्रेडची, म्हणजे लॅबच्या तपासणीसाठीच्या शुद्धतेची बाटली लागते. खताच्या पिशवीत क्लोराइड किती आहे याचा अंदाज हवा असेल, तर थोडं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. द्रावण दुधाळ झालं की समजा, ते चांदीच्या प्रयोगात चालणार नाही.

संशोधनात हाच क्षार इतक्या ठिकाणी का दिसतो?

पाण्यात तो भरपूर विरघळतो. पूर्ण सुटा होऊन एक पोटॅशियम आणि एक नायट्रेट आयन देतो. द्रावण जवळपास उदासीन राहतं. बहुतेक धातूंबरोबर साका धरत नाही, कारण साध्या नायट्रेटांपैकी जवळजवळ सगळे पाण्यात विरघळतात. शिवाय वनस्पतीला दोन्ही आयन हवे असतात, त्यामुळे सोडियमसारखी अडचण मागे उरत नाही.

पण हाच गुण संशोधकाला अडचणीतही टाकतो. एका चमच्यात तीन गोष्टी जातात: पोटॅशियम, नायट्रेट आणि परासरणाचा दाब, म्हणजे ऑस्मोटिक दाब. परिणाम दिसला तर तो तिघांपैकी कोणामुळे, हे प्रयोगाच्या आखणीतूनच कळतं, द्रावणाकडे पाहून नाही. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये सगळ्यात जास्त गळती तिथेच होते, असं माझं मत आहे.

०.२ टक्के, ०.२ मोलर, १ टक्का… नक्की किती ग्रॅम?

मोलर वजन १०१.१ ग्रॅम, म्हणजे १ मोलर द्रावणात लिटरला तेवढे ग्रॅम. त्यामुळे:

०.२ टक्के म्हणजे लिटरला २ ग्रॅम. ०.२ मोलर म्हणजे लिटरला २०.२ ग्रॅम. दोन्हींत दहापट फरक आहे, आणि लेबलवर घाईत नुसतं '०.२ पोटॅशियम नायट्रेट' लिहिलेली बाटली जवळपास प्रत्येक कॉलेजच्या कपाटात सापडते. मिरचीच्या बियांवर ०.२ टक्क्यांऐवजी ०.२ मोलर गेलं, तर उगवण वाढायच्या ऐवजी खालावते आणि मग दोष बियाण्याला लागतो.

एक सोय लक्षात ठेवा. १ टक्का द्रावण म्हणजे लिटरला १० ग्रॅम आणि ०.१ मोलर म्हणजे लिटरला १०.११ ग्रॅम. दोन्ही जवळजवळ सारखेच. कृषीवाले टक्क्यांत बोलतात, केमिस्ट्रीवाले मोलरमध्ये, आणि या एका बिंदूवर दोघांचं जमतं.

द्रावण करताना बीकर थंड का पडतो?

हा क्षार विरघळताना उष्णता शोषून घेतो, मोलला सुमारे ३५ किलोजूल. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम टाकलं, तर तापमान ७-८ अंशांनी उतरतं. अकबराच्या दरबारात पाणी थंड करायला सोरा, म्हणजे हाच क्षार वापरत, तो याच गुणामुळे.

अडचण मोजमापात येते. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क २० किंवा २७ अंशांना कॅलिब्रेट केलेला असतो, कोणता ते त्याच्यावरच छापलेलं असतं. गार पडलेल्या द्रावणाची पातळी लगेच खुणेपर्यंत आणली, तर खोलीच्या तापमानाला आल्यावर ती खुणेच्या वर सरकते. मे महिन्यात बेचाळीस अंशांत, पंख्याखाली केलेल्या द्रावणात उलट्या दिशेची चूक होते. आधी बीकरमध्ये विरघळवा, थांबा आणि मगच फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत आणा.

डिसेंबरात स्टॉकच्या बाटलीत खडे जमले. द्रावण खराब झालं का?

नाही. विद्राव्यता तापमानाबरोबर भरभर बदलते. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे १३ ग्रॅम विरघळतं, १० अंशांना २१, २० अंशांना ३१.६, ४० अंशांना ६४ आणि १०० अंशांना २४० ग्रॅमच्या वर. परभणीत थंडीच्या काही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येतो. बंद लॅबमध्येही पहाटे गारठा असतोच. पावसाळ्यात १०० ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम घालून केलेला स्टॉक तेव्हा छान राहिलेला असतो, थंडीत तो खडे धरतो.

वरचं पाणी ओतून वापरू नका, ते आता फिकं झालेलं असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, खडे पूर्ण विरघळू द्या, हलवा आणि मगच मोजून घ्या. हिवाळ्यासाठी १० टक्क्यांचा स्टॉक पुरे.

बोअरच्या पाण्यात द्रावण केलं तर चालेल?

फवारणीला चालतं. लॅबमध्ये नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि बऱ्याच ठिकाणी नायट्रेट आधीपासूनच असतं. म्हणजे ज्या आयनाचा परिणाम तपासायचा, तोच कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटातही जातो. डिस्टिल्ड किंवा आरओ-डीआय (गाळून आयन काढलेलं) पाणी वापरा आणि त्याची चालकता वहीत लिहून ठेवा.

बियाण्याच्या उगवण चाचणीत ०.२ टक्के द्रावण कशासाठी?

नुकत्याच काढलेल्या बियाण्यात सुप्तावस्था असते. बी जिवंत असतं, पण ओलावा आणि ऊब मिळूनही उगवत नाही. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण नियमांत अशा काही पिकांसाठी पेपर पाण्याऐवजी ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटने पहिल्यांदा भिजवायला सांगितलं आहे. नंतर ओल कमी पडली तर साधं पाणीच द्यायचं. दर वेळी द्रावणच घातलं तर क्षार साचत जातो आणि कोवळी मुळं करपतात. मिरची, टोमॅटो आणि अनेक गवतांच्या चाचणीत ही पद्धत चालते.

जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि पुढे ते शहर बियाण्यांचं केंद्र झालं. तिथल्या लॅबमध्ये आणि परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत जर्मिनेटर, टॉवेल पेपर आणि पेट्री डिश हा रोजचा संसार आहे. तिथे नव्याने लागलेल्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, सुप्तावस्था सगळ्या पिकांत एकाच जातीची नसते. भुईमुगाच्या ताज्या दाण्याची सुप्तावस्था तोडायला इथ्रेल (इथिलीन वायू सोडणारं रसायन) लागतं. कठीण कवचाच्या बीला कवच खरवडावं लागतं, कारण पाणीच आत जात नाही, तिथे नायट्रेट काय करणार? दुसरी, अहवालात द्रावण वापरल्याचं लिहायलाच हवं. शेतकरी पेरताना नायट्रेट घालत नाही. चाचणीत ९० टक्के आणि शेतात ६५ टक्के आली, तर त्यातला काही फरक ताज्या बियाण्याच्या सुप्तावस्थेचा असू शकतो.

नायट्रेटने बी उगवतं ते अन्न मिळाल्यामुळे का?

फारसं नाही. इतक्या कमी प्रमाणात ते खत म्हणून नगण्य आहे. तिथे नायट्रेट निरोप्याचं काम करतं. अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रायोगिक वनस्पतीत हे बऱ्यापैकी उलगडलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, नायट्रेट मिळताच एनएलपी८ नावाचं नियंत्रक प्रथिन एका जनुकाला चालना देतं आणि त्या जनुकापासून तयार होणारं विकर अॅब्सिसिक आम्ल मोडतं. बीला थोपवून धरणारं संप्रेरक हेच. ते उतरलं की बी उठतं. मातीत नायट्रेट असणं म्हणजे आजूबाजूला दुसरं झाड फारसं नाही, उगवायला मोकळी जागा आहे, अशी खूण मानून बी वागतं, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

बी भिजवण्यासाठी, म्हणजे प्रायमिंगसाठी किती टक्के घ्यावं? सोयाबीनलाही चालेल का?

प्रायमिंगमध्ये बी द्रावणात ठरावीक तास ठेवून, मूळ बाहेर यायच्या आत काढून, पुन्हा सावलीत मूळच्या ओलाव्यापर्यंत सुकवतात. पोटॅशियम नायट्रेटचे प्रयोग साधारण अर्धा ते तीन टक्क्यांत होतात. १ टक्का द्रावणाचा जलविभव (तो जितका उणे, तितकं बीला पाणी ओढणं अवघड) साधारण उणे ०.४५ ते उणे ०.५ मेगापास्कल येतो. बीला पाणी मिळतं, पण हळू. ३ टक्क्यांपाशी तो उणे सव्वा मेगापास्कलच्याही खाली जातो आणि अनेक बिया अडखळतात. वेळ, तापमान आणि टक्केवारी हे तिन्ही प्रत्येक पिकाला, कधी कधी प्रत्येक लॉटला वेगळे ठरवावे लागतात.

सोयाबीनला मी नको म्हणेन. त्याचं कवच पातळ, दाणा पाणी झपाट्याने ओढतो आणि आतल्या पेशी फाटतात. भिजवलेल्या सोयाबीनची उगवण घटते ती याच कारणाने. उगवणीची भीती असेल तर घरचं बियाणं हाताळताना आदळआपट टाळणं आणि पेरणीआधी गोणपाटावर किंवा कागदावर उगवण तपासणं याचा उपयोग नायट्रेटपेक्षा जास्त.

माझ्या प्रयोगात पाण्याचा कंट्रोल आहे. तेवढा पुरे ना?

नाही. हाच तो लांब उत्तराचा प्रश्न.

समजा, मिरचीचं बी तुम्ही १ टक्का पोटॅशियम नायट्रेटमध्ये ठेवलं आणि न भिजवलेल्या बीपेक्षा उगवण लवकर झाली. यातून सिद्ध काय झालं? फक्त एवढंच की भिजवून सुकवण्याच्या या सगळ्या खटाटोपाचा फायदा झाला. कदाचित नुसत्या पाण्यात भिजवूनही तो झाला असता. म्हणून कोरडं बी आणि पाण्यात भिजवून सुकवलेलं बी असे दोन वेगळे कंट्रोल हवेत. ते ठेवले आणि तरी नायट्रेट पुढे राहिलं, तर पुढचा प्रश्न येतो: पोटॅशियममुळे, नायट्रेटमुळे की परासरणामुळे?

त्याचं उत्तर मिळवायला लिटरला १० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटच्या शेजारी लिटरला ७.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड ठेवा. पोटॅशियम तेवढंच, परासरणही जवळपास तेवढंच, फक्त नायट्रेट नाही. दुसऱ्या बाजूला चार पाण्याचे रेणू असलेलं कॅल्शियम नायट्रेट लिटरला ११.७ ग्रॅम घ्या. त्यात नायट्रेट तेवढंच, पोटॅशियम नाही. सोडियम नायट्रेट ८.४ ग्रॅम घेऊनही हे करता येतं, पण सोडियमचा स्वतःचा त्रास मध्ये येतो, म्हणून मला कॅल्शियमवालं बरं वाटतं. नुसत्या परासरणासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६०००, ज्याचा रेणू मोठा असल्याने पेशीच्या आत सहसा जात नाही.

आता निकाल वाचा. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्हींनी सारखाच फायदा दिला, तर श्रेय नायट्रेटचं नाही. कॅल्शियम नायट्रेटनेही तेवढाच फायदा दिला आणि क्लोराइडने नाही, तर खरोखर नायट्रेटचा निरोप पोचला. ग्लायकॉलनेही तसंच झालं, तर सगळा खेळ पाणी हळूहळू मिळण्याचा होता. ट्रीटमेंट दोन-तीन वाढतात, पेट्री डिश जास्त लागतात, गाइड कुरकुर करतात. पण एवढं केल्याशिवाय 'पोटॅशियम नायट्रेटमुळे उगवण वाढली' या वाक्यातला 'मुळे' कच्चाच राहतो.

उघडीप पडली की १ टक्का फवारणी सांगतात. त्यामागे संशोधन आहे का?

आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांमध्ये पावसाच्या खंडात सोयाबीन आणि कापसावर १३:००:४५ ची फवारणी, १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम, नेहमी येते. कापसात फुलं-बोंडं धरताना १ ते २ टक्के फवारणीचे प्रयोग देशात अनेक ठिकाणी झाले आहेत. पानं लाल पडण्याच्या, म्हणजे लाल्याच्या व्यवस्थापनातही तिचं नाव येतं. पानाची रंध्रं उघडण्या-मिटण्यात पोटॅशियमचा मोठा हात असतो. मुळं कोरड्या मातीतून काही ओढू शकत नसताना पानातून थोडं मिळणं, हा त्यामागचा विचार.

पण आकडे मांडून पाहिले की चित्र थोडं बदलतं. हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून ५ किलो खत पडतं. त्यात नायट्रोजन ६५० ग्रॅम आणि पालाश सव्वादोन किलो. पिकाची गरज दहापटींनी मोठी. म्हणजे हे पोट भरणं नाही, ऐन वेळेचा टेकू आहे. आणि ५०० लिटर पाणी एका हेक्टरवर म्हणजे ०.०५ मिलिमीटर पाऊस. ज्यांना वाटतं की फवारणीच्या पाण्यानेच पीक तरारलं, त्यांनी हा भागाकार करून बघावा.

शेतातल्या प्रयोगात मग कंट्रोल कोणते? न फवारलेला प्लॉट, नुसतं पाणी फवारलेला, तेवढाच नायट्रोजन देणारा युरियाचा (लिटरला साधारण २.८ ग्रॅम) आणि तेवढंच पोटॅशियम देणारा. आपल्या भारी काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसा असतो, मुरमाड हलक्या रानात स्थिती वेगळी. म्हणून भारी रानातला निष्कर्ष बालाघाटच्या माथ्यावरच्या हलक्या जमिनीला जसाच्या तसा लावू नये. जमीन अगदी भेगाळल्यावर केलेल्या फवारणीकडून फार अपेक्षा नको. थोडी ओल असतानाच, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी पानाच्या कडा करपतात आणि प्रयोगाचा निकालही.

आंब्याला मोहोर आणायला हेच वापरतात का?

फिलिपिन्समध्ये रॅमोन बार्बा या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात काराबाओ आंब्यावर १ टक्क्याच्या आसपास फवारणी करून हंगामाबाहेर मोहोर आणून दाखवला. तिथला आंबा उद्योग त्याने बदलला. भारतात निकाल जातीनुसार आणि हवामानानुसार वर-खाली झाले. फांद्या पक्व असतील आणि डोळे तयार असतील तरच फवारणी त्यांना जागवते, कोवळ्या पालवीवर मारून मोहोर येत नाही. मराठवाड्याच्या केसरवर प्रयोग करायचा असेल, तर फांदीचं वय लिहून ठेवल्याशिवाय करू नये.

सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइडऐवजी नायट्रेट कधी?

सेलमध्ये चांदी, शिसं किंवा पाऱ्याचा मर्क्युरस आयन असेल तेव्हा. प्रॅक्टिकलमधला तांबं-चांदीचा सेल घ्या, ज्याचा प्रमाण विभव ०.४६ व्होल्ट येतो. ब्रिजमध्ये क्लोराइड असेल, तर ते सिल्व्हर नायट्रेटच्या बाजूला झिरपतं, नळीच्या तोंडाशी पांढरा साका बसतो आणि रीडिंग डळमळतं.

नायट्रेट इथे चालतं कारण दोन्ही आयन जवळपास सारख्याच वेगाने सरकतात. २५ अंशांना मोलर चालकता पोटॅशियमची ७३.५ आणि नायट्रेटची ७१.४ एकक. सोडियमची फक्त ५०. दोन्ही बाजूंना सारखी चाल असली की जोडावरचा विभव कमीत कमी राहतो. भरताना १०० मिलिलिटर १ मोलर द्रावणात ३ ग्रॅम अॅगर उकळून, गरम असतानाच यू-नळीत ओता, बुडबुडा राहू देऊ नका. द्रावणात परक्लोरेट असेल तर मात्र पोटॅशियमचा कोणताच क्षार नको, पोटॅशियम परक्लोरेट खाली बसतं.

याच कारणाने दुहेरी जोडाच्या रेफरन्स इलेक्ट्रोडमध्ये बाहेरच्या कप्प्यात बहुतेक वेळा १० टक्के पोटॅशियम नायट्रेट भरतात.

सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत ०.१ मोलर पोटॅशियम नायट्रेट नुसतं 'असावं' म्हणून घालतात का?

नाही. इलेक्ट्रोडचा विभव वर-खाली करत प्रवाह मोजण्याच्या या पद्धतीत ते विजेचा प्रवाह वाहून नेतं, म्हणजे तपासायचा आयन विद्युत क्षेत्राने ओढला न जाता फक्त विसरणाने इलेक्ट्रोडपाशी येतो. सगळी सूत्रं याच गृहीतावर उभी आहेत. फेरिसायनाइडच्या नेहमीच्या प्रयोगात म्हणूनच हा क्षार दिसतो. शोषकाच्या पृष्ठभागाचा शून्य-प्रभार पीएच (ज्या पीएचला पृष्ठभागावर निव्वळ विद्युत प्रभार उरत नाही तो) काढताना, समजा पऱ्हाटीच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या कार्बनवर, ०.०१ किंवा ०.१ मोलर पोटॅशियम नायट्रेट घेतात तेही याच तटस्थपणासाठी.

पण ही तटस्थता सगळीकडे टिकत नाही. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर, पुरेशा ऋण विभवाला नायट्रेट स्वतःच क्षपण पावतं. त्यावरच आज अमोनिया बनवण्याचं संशोधन जोरात आहे, आणि तिथे पोटॅशियम नायट्रेट पार्श्वभूमी नसून कच्चा माल असतो. दुसरी गोष्ट, नायट्रेट २०० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश जबरदस्त शोषतं आणि ३०० च्या आसपास थोडंसं. त्या पट्ट्यात मोजणी करायची असेल तर दुसरा क्षार शोधा.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायला स्टँडर्ड कसं करायचं?

क्षार १०५ अंशांना २४ तास ओव्हनमध्ये वाळवा. डेसिकेटरमध्ये गार करून ०.७२१८ ग्रॅम तोला, एक लिटर करा. हे झालं १०० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेट-नायट्रोजन. लिटरला २ मिलिलिटर क्लोरोफॉर्म घातलं तर सहा महिने टिकतं.

आता एककाचा सापळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पण ती पूर्ण नायट्रेट आयनाची. नायट्रोजनच्या हिशेबाने तेच १०.२ होतं. दोन्हींत ४.४३ चा गुणक आहे. वरचं स्टँडर्ड दहापट पातळ केलं की १० मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ४४.३ मिलिग्रॅम नायट्रेट होतं, जवळजवळ कायद्याच्या रेषेवर. तपासणीच्या दिवशी हा एक बिंदू हाताशी असला की मनाला आधार वाटतो. ग्रामपंचायतीला द्यायच्या कागदावर कोणतं एकक आहे ते शब्दांत लिहा. '१२' हा आकडा एका एककात निर्धोक आणि दुसऱ्यात धोक्याचा आहे, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या घरी तो फरक महत्त्वाचा ठरतो.

अतिनील पद्धतीत २२० नॅनोमीटरला शोषण घेतात आणि सेंद्रिय पदार्थांसाठी २७५ च्या शोषणाची दुप्पट वजा करतात. ५० मिलिलिटर नमुन्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलिलिटर घालायला विसरू नका. आपल्या जड पाण्यातल्या कार्बोनेटचा अडथळा त्याने जातो.

प्लाझ्मोलिसिसच्या प्रयोगात हे कुठून आलं?

ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. १८८० च्या दशकात त्याने ऱ्हिओच्या जांभळ्या पानाच्या पेशी वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून, कोणत्या तीव्रतेला पेशीद्रव्य भिंतीपासून सुटतं ते पाहिलं. तुलनेसाठी त्याने पोटॅशियम नायट्रेट मापदंड धरलं आणि त्याचा समपरासरण गुणांक (रेणूमागे परासरणाची तुलनात्मक ताकद) ३ मानला. साखरेसारख्या पदार्थांचा २ च्या जवळ यायचा. क्षार पाण्यात फुटून दोन आयन होतात, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. व्हॅन्ट हॉफच्या परासरण सिद्धांताला याच मोजमापांचा आधार मिळाला, आणि १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला गेलं. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत द व्रीस होताच.

आपल्या ज्युनियर कॉलेजांच्या अंगणात कुंडीत वाढणारी ऱ्हिओ तीच. पानाच्या जांभळ्या बाजूची साल काढा, ०.१ पासून ०.५ मोलरपर्यंत पाच द्रावणं करा आणि निम्म्या पेशी सुटलेल्या दिसतात ती तीव्रता टिपा. पोटॅशियम नायट्रेट पेशीत हळूहळू शिरतं, त्यामुळे फार वेळ ठेवलं तर सुटलेलं पेशीद्रव्य पुन्हा फुगतं. मोजणी आटोपशीर वेळेत करा.

टिश्यू कल्चरच्या माध्यमात किती असतं?

मुराशिगे-स्कूग माध्यमात (१९६२) लिटरला १९०० मिलिग्रॅम, गॅम्बोर्गच्या बी५ मध्ये (१९६८) २५०० मिलिग्रॅम. अर्धापूरच्या केळीपट्ट्यात लागणारी टिश्यू कल्चरची रोपं अशाच माध्यमांवर वाढवलेली असतात. मुराशिगे-स्कूगमध्ये नायट्रेट आणि अमोनियमचं प्रमाण २:१ राखलं आहे. नायट्रेट घेतलं की माध्यमाचा पीएच चढतो, अमोनियम घेतलं की उतरतो. पोटॅशियम नायट्रेट बदलून बघायचं असेल, तर पोटॅशियम दुसऱ्या क्षाराने भरून काढा, नाहीतर एकदम दोन गोष्टी बदलतात.

नायट्रेट रिडक्टेजच्या चाचणीत?

नायट्रेटचं नायट्राइट करणारं हे विकर. ते मोजायला पानाच्या चकत्या फॉस्फेट बफर, पोटॅशियम नायट्रेट आणि थोड्या प्रोपॅनॉलमध्ये अंधारात ठेवतात. तयार झालेलं नायट्राइट गुलाबी रंग देऊन ५४० नॅनोमीटरला मोजतात. पानं सकाळी ऊन पडल्यावर, रोज एकाच वेळी तोडा. या विकराची क्रियाशीलता प्रकाशाबरोबर बदलते.

साठवण, सुरक्षितता आणि उरलेल्या द्रावणाचं काय?

कोरडा क्षार ऑक्सिडायझर आहे. गंधक, कोळसा, तेल, भुसा, कीटकनाशकांचे डबे यांच्याजवळ नको. द्रावण सांडलेलं कापड किंवा टिश्यू पेपर तसाच वाळू देऊ नका, तो चटकन पेट घेतो, म्हणून पाण्याने धुवा. बियाण्याचं पातळ द्रावण आठवड्याच्या आत संपवा, त्यात बुरशी आणि शेवाळ धरतं.

चांदी, शिसं, फेरिसायनाइड यांचा स्पर्श न झालेलं पातळ द्रावण आणखी पातळ करून झाडांना घालता येतं. पण विहिरीजवळ ओतू नका, आणि उरलेल्या द्रावणाची बादली गोठ्याकडे राहू देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. जनावराला खारट पाणी आवडतं, त्यामुळे ते तोंड घालणारच. पावसाच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीच्या चाऱ्यातही नायट्रेट साचतं, तेव्हा दोन्ही एकत्र आले तर प्रकरण गंभीर होतं.

सौर ऊर्जा प्रकल्पात वापरतात ते 'सोलर सॉल्ट' हेच का?

त्यात हे ४० टक्के असतं, उरलेलं ६० टक्के सोडियम नायट्रेट. मात्र ते द्रावण नसतं. मिश्रण वितळवून सुमारे ५६५ अंशांपर्यंत तापवतात आणि रात्रीसाठी उष्णता साठवतात. पाण्याचा त्यात थेंबही नसतो.